मडक्यातला काळा थर कोण वाचणार?



मागच्या अंकाच्या पहिल्याच पानावर आपण मोठ्या अक्षरात छापलं होतं, "मॅंगनीज म्हणजे विष, खदान हटाव!" त्या अंकाचं स्टेन्सिल कापायला मीही बसले होते. म्हणून खाली जे लिहिते आहे त्यात दुसऱ्या कोणावर बोट नाही, माझ्यावरही आहे.

तो नारा घेऊन आपण तालुक्याला गेलो. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चहाचा कप हातात धरून म्हणाले, "या चहातही मॅंगनीज असतं. तुम्ही खाता त्या भातात असतं. ताकदीच्या गोळ्यांत तर मुद्दाम घालतात. तुमच्या आजोबांच्या काळात सरकार विहिरीत जांभळं औषध टाकायचं, तेही मॅंगनीजचंच. मग सरकारनं काय विष पाजलं तुम्हाला?"

आपण सतरा जण होतो. एकालाही उत्तर देता आलं नाही. बाहेर चिंचेखाली बसलो तेव्हा टोल्यावरचे एक मामा म्हणाले, "साहेब खरं बोलला का खोटं बोलला, हेच मले समजलं नाही, पोरी. तू त सायन्स शिकली ना?"

मी बारावीपर्यंत सायन्स शिकले. त्या पुस्तकात मॅंगनीजवर धडाही होता. पण तो मी परीक्षेसाठी पाठ केला होता, आपल्या बोडीच्या आणि बोरिंगच्या पाण्यासाठी नाही. त्या दिवशी लाज वाटली आणि घरी येऊन पेटीतलं पुस्तक काढलं. ते पुन्हा वाचून, आणि जाणकारांना विचारून जे समजलं ते इथं मांडते. साहेब खोटं बोलले नव्हते. ते अर्धं बोलले होते. पण उरलेलं अर्धं आपल्याला माहीत नव्हतं, हा दोष आपला.

आणि ते आत्ताच माहीत करून घ्यायला हवं. डोंगरीच्या वरच्या जंगलात नवीन लीज द्यायची बोलणी चालू आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच जंगलावर आपले सामूहिक वनहक्काचे दावे पडून आहेत. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला की ग्रामसभा बसेल. तिथं नुसता नारा घेऊन गेलो तर पुन्हा चहाचा कप दाखवतील.

एकच धातू, वेगवेगळे रंग

नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यात हा काळा दगड शंभर वर्षांहून जास्त काळ निघतो आहे. जगात जेवढं मॅंगनीज निघतं त्यातलं सुमारे ९० टक्के पोलाद बनवायला जातं. रेल्वेचा रूळ, पुलाचा गर्डर, आपल्या घरची कुऱ्हाड, कुठल्याही पोलादात थोडं मॅंगनीज असतंच. काही दगड सेल बनवायला जातो. टॉर्चचा जुना सेल फोडला की आत काळी भुकटी निघते, लहानपणी सगळ्यांनी हात काळे केलेत. ती भुकटी म्हणजे मॅंगनीज डायऑक्साइड. एका मॅंगनीजला दोन ऑक्सिजन चिकटलेले. आपल्या डोंगरीतल्या काळ्या दगडातही बराचसा तोच असतो.

आता जांभळं औषध. त्याचं नाव पोटॅशियम परमॅंगनेट. त्यात एका मॅंगनीजला चार ऑक्सिजन असतात. एवढं ओझं त्याला पेलत नाही, म्हणून ते ऑक्सिजन दुसऱ्याला देऊन टाकायला बघतं. पाण्यातल्या घाणीला, जंतूंना ऑक्सिजन लागला की ते जळाल्यासारखे मरतात. पटकीची साथ यायची तेव्हा हे औषध विहिरीत टाकत. इंग्रजांच्या काळात आग्र्याला हॅनकिन नावाचा शास्त्रज्ञ होता, त्यानं याचा पुष्कळ प्रचार केला. म्हाताऱ्या माणसांना विचारा, विहिरीचं पाणी आधी जांभळं दिसायचं, मग रंग उतरायचा आणि तळाला तपकिरी गाळ बसायचा. ज्यांनी ते दाणे हातात धरले त्यांची बोटं आधी जांभळी, नंतर तपकिरी व्हायची, आणि तो डाग दोन-चार दिवस जायचा नाही. ऑक्सिजन देऊन झाला की जांभळ्या औषधाचं जे उरतं तेच हे, मॅंगनीज डायऑक्साइड. म्हणजे औषधाचा गाळ आणि डोंगरीचा दगड, दोन्ही एकच.

तिसरं रूप सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते दिसत नाही. मॅंगनीजनं सगळा ऑक्सिजन सोडला की ते पाण्यात विरघळतं. पाण्यात थोडं असलं तर त्याला रंग नसतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. आपण पितो ते हे रूप.

म्हणून "मॅंगनीज विष आहे का?" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या रूपातलं, किती, आणि तोंडातून गेलं की नाकातून, हे विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. मीठही तसंच आहे. चिमूटभर मिठाशिवाय आंबील गोड लागत नाही, आणि मूठभर पोटात गेलं तर माणूस आजारी पडतो. शरीराला थोडं मॅंगनीज लागतं, इथपर्यंत साहेब बरोबर. पण थोडं म्हणजे किती आणि आपल्या पाण्यात किती, हे त्यांनी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही.

मडक्यात काय घडतं

आपल्या बायकांना हे सगळ्यात आधी कळलं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. बोरिंगचं पाणी गुंडात भरताना स्वच्छ असतं. रात्रभर ठेवलं की वर पातळ साय येते, तळाला काळपट तपकिरी थर बसतो. पांढरं लुगडं धुतलं की मळकं निघतं. भात जरा काळपट शिजतो. पाणी तपासायला आलेल्या एका माणसानं आमच्या मावशीला सांगितलं, "बाई, भांडे घासत जा ना जी." ती बिचारी त्या दिवसापासून राखेनं दोन-दोनदा गुंड घासते. थर येतोच.

थर का येतो? जमिनीच्या आत खोलवर हवा पोचत नाही. तिथं कुजलेला पाला आणि बारीक जंतू असतात. त्यांना जगायला ऑक्सिजन लागतो, तो हवेतून मिळाला नाही की ते काळ्या दगडातला ओढून घेतात. दगडाचा ऑक्सिजन गेला की मॅंगनीज मोकळं होऊन पाण्यात विरघळतं. "हा दगड पाण्यात विरघळत नाही" असं आपल्याला नेहमी सांगतात. उघड्या हवेत ते खरं आहे. जमिनीखाली, भरून राहिलेल्या जुन्या खड्ड्याच्या तळाशी, हवा नसलेल्या जागी ते खरं नाही.

ते पाणी बोरिंगमधून वर आलं, गुंडात पडलं, त्याला हवा लागली की हळूहळू मॅंगनीज पुन्हा ऑक्सिजन घेतं आणि पुन्हा काळा दगड बनतं, अगदी बारीक पिठासारखा. तोच तो थर. लाल-पिवळा थर असेल तर बहुतेक लोह. काळा किंवा काळपट तपकिरी असेल तर मॅंगनीजचा संशय घ्यायचा. थर गुंडाच्या घाणीचा नाही, पाण्यातून आलेला आहे.

टीसीएल टाकलं की पाणी जास्त काळं होतं, अशी तक्रार दोन टोल्यांनी केली आहे. त्यावर काही जण म्हणाले, सरकारी पावडरच खराब. तसं नाही. टीसीएलमधला क्लोरीन मॅंगनीजला ऑक्सिजन घ्यायला भाग पाडतो, त्यामुळे थर लवकर दिसतो. टीसीएल बंद करायला सांगू नका, नाही तर पावसाळ्यात हगवणीनं लेकरं जातील. पावडरीनं पाणी बिघडवलं नाही. पाण्यात काय होतं ते तिनं दाखवलं.

इथं आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. टीसीएल पुरेसं पडलं का हे बघायला ओटीचे थेंब टाकतात आणि पिवळा रंग आला की ठीक म्हणतात. ऑक्सिजन लागलेलं मॅंगनीज पाण्यात असेल तर क्लोरीन नसतानाही ते थेंब पिवळे होऊ शकतात. म्हणजे काळा थर येणाऱ्या पाण्यात पिवळ्या रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

"पिण्यास योग्य" हा शेरा कसा येतो

दोन वर्षांपूर्वी आपल्या तीन बोरिंगचं पाणी तपासणीला गेलं होतं. उत्तर आलं, "पिण्यास योग्य." तो कागद आपल्याला प्रत्येक सभेत दाखवतात. मी तो कागद नीट वाचला. त्यात जंतूंची तपासणी होती, क्षार होते, लोह होतं, फ्लोराइड होतं. मॅंगनीजची ओळच नव्हती. जे मोजलंच नाही ते योग्य कसं ठरलं?

समजा मोजलं असतं, तरी एक अडचण होती. पाणी घरच्या तेलाच्या बाटलीत भरलं, बाटली पंचायतीच्या खिडकीत उन्हात राहिली, चार-पाच दिवसांनी जीपमधून गेली. तेवढ्यात मॅंगनीज काळं होऊन बाटलीच्या आतून चिकटलं किंवा तळाला बसलं. वरचं स्वच्छ पाणी तपासलं तर आकडा कमीच येणार. म्हणून धातू मोजायचा असेल तर नमुना स्वच्छ नव्या प्लास्टिकच्या बाटलीत घेतात आणि लगेच त्यात थोडं नायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे धातू विरघळलेलाच राहतो. हे आम्ल आपण घालायचं नाही, हात भाजतो. प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली बाटली मागवायची. जंतूंसाठी वेगळी बाटली, धातूसाठी वेगळी. एकाच बाटलीत दोन्ही होत नाही.

आकडा आला तर तो कसा वाचायचा? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की मॅंगनीज एका लिटरमध्ये ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. जवळपास दुसरं पाणीच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेता येतं. ऐकायला अवघड वाटतं, पण हिशेब सोपा आहे. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एक ग्रॅम मॅंगनीज असेल तर तो ०.१ झाला. तीन ग्रॅम असेल तर ०.३. एक ग्रॅम म्हणजे चिमटीत मावेल एवढं मीठ. एवढ्या थोड्यावर मर्यादा घालून ठेवली आहे, ती उगाच नाही.

पाण्यातलं जास्त मॅंगनीज मोठ्या माणसापेक्षा लेकरांना जास्त बाधतं. तान्ह्या बाळाचं शरीर ते नीट बाहेर टाकू शकत नाही. बांगलादेशात अराईहजार भागात दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला, तो २००६ साली छापून आला. ज्यांच्या विहिरीत मॅंगनीज जास्त होतं त्या मुलांचे बुद्धीच्या चाचणीतले गुण कमी दिसले. एका अभ्यासावरून सगळं सिद्ध होत नाही. पण आपल्या आश्रमशाळेतल्या पोरांना "डोकं नाही" म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी त्यांच्या बोरिंगचं पाणी मोजावं, एवढं म्हणायचा हक्क आपल्याला आहे.

नाकातून जाणारं वेगळं

पोटातून गेलेलं जास्तीचं मॅंगनीज बरंचसं यकृत अडवतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. धुळीतून, श्वासातून गेलेलं तसं अडत नाही. ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं आणि तिथं साठतं.

हे कळून फार वर्षं झालीत. १७७४ साली स्वीडनच्या शील नावाच्या शास्त्रज्ञानं याच काळ्या दगडात आम्ल घालून पहिल्यांदा क्लोरीन वायू काढला. त्या क्लोरीनपासून पुढं ब्लीचिंग पावडर निघाली, म्हणजे आपली टीसीएल. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात तिचे मोठे कारखाने झाले. तिथं काळा दगड दळणाऱ्या मजुरांचे पाय लुळे पडायला लागले. चालताना ते पुढं झुकत, आवाज बारीक होई, तोंडातून लाळ गळे, चेहरा दगडासारखा होई. कूपर नावाच्या डॉक्टरनं १८३७ साली हे लिहून ठेवलं. बिनपगारी संशोधन त्या मजुरांच्या अंगावर झालं, आणि त्याला आता पावणेदोनशेहून जास्त वर्षं झाली.

आपल्या टोल्यात एक काका होते. खदानीत कोरडा दगड फोडायच्या कामावर बरीच वर्षं होते, ठेकेदाराच्या हाताखाली. शेवटी शेवटी कोंबड्यासारखे पंजावर चालायचे. मागं पाऊल टाकलं की पडायचे. पोरं हसायची, "काका सकाळीच घेऊन आले." ते मोहाची पीत नव्हते असं मी म्हणत नाही. पण त्यांना मॅंगनीजचा आजार होता की नव्हता, हे आता कधीच कळणार नाही, कारण त्यांना कोणी तपासलंच नाही. ठेकेदारानं कामावरून काढलं, गावानं दारुडा म्हटलं, आणि ते गेले. मीही हसणाऱ्या पोरांत होते.

कायदा यावर गप्प नाही. खाणींच्या १९५२ च्या कायद्याखाली मॅंगनीजचा मज्जातंतूंचा आजार नोंद करायच्या आजारांत होता. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही मॅंगनीजमुळे होणारे आजार यादीत होते. पण ठेकेदाराकडच्या मजुराजवळ आपण तिथं काम केल्याचा कागदच नसतो. म्हणून जे आज कामाला जातात त्यांना हात जोडून सांगणं आहे, हजेरी कार्ड जपून ठेवा, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. दगड ओला करूनच फोडू द्या असा आग्रह धरा. तोंडाला बांधलेला गमछा बारीक धूळ अडवत नाही.

जे दिसत नाही त्याचं काय

मॅंगनीजचं एक बरं आहे, ते थर सोडतं. सगळी रसायनं असं करत नाहीत. जांभळ्या परमॅंगनेटचा एक दूरचा भाऊ आहे, परक्लोरेट. तिथं मॅंगनीजच्या जागी क्लोरीन, आणि त्यालाही चारच ऑक्सिजन. दोघांच्या पोटॅशियमच्या मिठाचे स्फटिकसुद्धा सारख्याच घडणीचे असतात. शाळेत ऑक्सिजन बनवायचा प्रयोग होता, पोटॅशियम क्लोरेटमध्ये काळी मॅंगनीजची भुकटी घालून तापवायचं. भुकटी न घालता तापवलं तर त्यातलं काही परक्लोरेट होतं. फटाक्यांत ते असतं, अग्निबाणाच्या इंधनात असतं.

या मिठाला ना रंग, ना वास, ना थर. पाण्यात गेलं की वर्षानुवर्षं तसंच राहतं. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन मिळू देत नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यात हेंडरसन इथं परक्लोरेटचे कारखाने होते. तिथल्या जमिनीतून ते मीड तलावात आणि कोलोराडो नदीत जातं आहे हे १९९७ साली उघड झालं. लाखो लोक पीत असलेलं पाणी, आणि तोपर्यंत कोणाला पत्ता नाही, कारण कोणी मोजलंच नव्हतं.

आपल्याकडे परक्लोरेटचा कारखाना नाही. मग हे का सांगते? कारण "आमच्या पूर्वजांनी पाणी बघून ओळखलं, आम्हीही ओळखू" असं आपल्यातले काही साथी म्हणतात. काळा थर आपण ओळखला, हे खरं. पण डोळ्यांना दिसतं तेवढंच पाण्यात नसतं. पूर्वजांचं ज्ञान आणि मोजणीचा कागद, दोन्ही लागतील. एकाला धरून दुसरं सोडलं तर आपणच फसू.

माझं म्हणणं

माझं म्हणणं काही साथींना आवडणार नाही. "मॅंगनीज म्हणजे विष" हा नारा आपण मागं घ्यावा. आपण घाबरलो म्हणून नाही. तो साहेबांच्या सोयीचा आहे म्हणून. चहाचा कप दाखवला की तो संपतो. "आमच्या पाण्यात किती?" हा प्रश्न संपत नाही. त्याला आकडाच द्यावा लागतो.

दुसरं, खरं असेल ते आपल्या विरोधात गेलं तरी बोलावं. या पट्ट्यातल्या जमिनीत मुळातच मॅंगनीज आहे. खदान नसलेल्या गावच्या बोरिंगमध्येही काळा थर येऊ शकतो. उद्या खदानवाले म्हणतील, "हे तर निसर्गाचं, आमचा काय दोष?" त्यांना उत्तर एकच, खदानीच्या आधीचा आकडा. डोंगरी फोडण्याआधी पाण्यात किती होतं ते लिहून ठेवलेलं असेल तर नंतर वाढलं की पकडता येतं. आधीचं मोजलं नसेल तर जन्मभर भांडत बसावं लागेल. जुन्या खदानीच्या गावांचं हेच झालं. आपल्याला अजून वेळ आहे.

तिसरं, ज्या पोरांना खदानीत काम हवं आहे त्यांना गद्दार म्हणणं बंद करा. मोहफुलाच्या आणि तेंदूच्या पैशात वर्ष निघत नाही, हे मला माझ्या घरातून माहीत आहे. पण काम मागणाऱ्यानंही विचारावं, धूळ किती असणार, कोण मोजणार, आजारी पडलो तर कोणाच्या नावानं दावा करायचा. हे प्रश्न विचारणारा खदानीचा शत्रू नाही. उत्तर न देणारा आपला मित्र नाही.

म्हणून ग्रामसभेत हे ठराव मांडावेत असं मला वाटतं.

एक. लीजचा विषय घेण्याआधी गावातल्या सगळ्या विहिरी, बोरिंग, बोडी आणि डोंगरीच्या झऱ्याचं पाणी मॅंगनीजसाठी तपासून घ्यावं, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. नमुना घेताना वनहक्क समितीचे दोन माणसं आणि दोन बाया हजर राहाव्यात. तारीख, जागा आणि बाटलीचा नंबर आपल्या वहीत लिहावा. आधीचे जे रिपोर्ट आहेत ते २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावेत.

दोन. आलेला आकडा समाजमंदिराच्या भिंतीवर रंगवावा, शेजारी ०.१ आणि ०.३ हे आकडेही लिहावेत. कागद कपाटात राहिला तर तो आपला नाही.

तीन. आकडा येईपर्यंत आणि आपल्या दाव्यांचा निकाल लागेपर्यंत वनजमीन वळती करायला संमती देऊ नये. २००६ च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं ३ ऑगस्ट २००९ ला पत्र काढून सांगितलं होतं की वनहक्काची प्रक्रिया पूर्ण झाल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय वनजमिनीचा प्रस्ताव पुढं जाऊ नये. पेसा आपल्या गावाला लागू नाही म्हणून हातात काहीच नाही, असं कोणी सांगितलं तर हे दोन कागद दाखवावेत.

चार. खदानीत काम केलेल्या म्हाताऱ्या माणसांची यादी करावी. कोण किती वर्षं होतं, कोणत्या कामावर, आता तब्येत कशी. चालताना तोल जातो का, हात थरथरतात का. दारुडा म्हणायच्या आधी डॉक्टरला दाखवावं.

तोपर्यंत घरी काय करायचं, हे बायका विचारतात. उकळून मॅंगनीज जात नाही, पाणी आटलं की उलट जास्तच दाट होतं. काळा थर येत असेल तर पाणी उंचावरून धार धरून एका भांड्यातून दुसऱ्यात चार-पाच वेळा ओतावं, रात्रभर झाकून ठेवावं आणि सकाळी वरचं पाणी बारीक वाळूच्या गाळणीतून काढावं. वाळू काही दिवसांनी काळी पडेल. ती सगळी फेकू नका, धुऊन घ्या. काळ्या वाळूवर मॅंगनीज जास्त लवकर धरतं. याच्यानंतर टीसीएल घालायचंच. यानं सगळं जाईल असं नाही, कमी होईल. तान्ह्या बाळाच्या दुधात बोरिंगचं पाणी घालत असाल तर थर न येणाऱ्या विहिरीचं आणा.

आणि एक शेवटचं. त्या मावशीला मी आता सांगितलं आहे, गुंड घासायच्या आधी थर एका कागदावर पुसून घे आणि खाली तारीख घाल. तिच्याकडे असे अकरा कागद जमले आहेत. प्रयोगशाळेत त्यांना किंमत नाही, मला माहीत आहे. पण ग्रामसभेत ती ते कागद घेऊन उभी राहणार आहे. तेव्हा कोणी तिला भांडे घासायला सांगू नये, एवढं आपण सगळ्यांनी मिळून बघायचं.

पाणी आमचं, मोजणीही आमची!
जय सेवा. लढाई जिंदाबाद.